पातं

अंबड लिंक रोडला, चौधरीच्या भंगारात
वॉशिंग मशीनच्या ड्रमखाली ते उताणं पडलं होतं.
सहा पात्यांची फिरकी, मागे लोखंडी रूळ,
वर नारळाएवढं इंजिन,
सगळे गंजाने एकमेकांना धरून बसलेले.
चौधरी म्हणाला, उसाचा चरक आहे.
मी म्हटलं, हो.
बेचाळीस किलो. चरकाच्या भावात घेतलं.

घरी उज्ज्वलाने विचारलं, हे काय?
मला त्याचं काम ठाऊक होतं, गाव ठाऊक नव्हतं.

रंग खरवडला. वरून रेड ऑक्साइड,
त्याखाली लष्करी हिरवा, म्हणजे देवळाली कॅम्प,
त्याखाली कुठल्या बंगल्याच्या फाटकाला लावून उरलेला निळा,
आणि सगळ्यांत खाली, अंगचा,
कैरीच्या सालीचा हिरवा, नखाएवढा.
बाजूच्या कास्टिंगवर अक्षरं होती.
नातीच्या वहीचं पान ठेवलं, पेन्सिल आडवी फिरवली:
मेड इन ऑस्ट्र
पुढचा तुकडाच उडालेला.

ऑस्ट्रिया, म्हणाला निगळ.
सातपूरला तीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या लेथवर उभे होतो,
त्याचं म्हणणं मी सहसा खोडत नाही.
पण नटाला तेराचा पाना जाईना
आणि चौदाचा घसरे.
मग वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतून
पाव इंची विटवर्थ काढला. टक्.
निगळने चष्मा कपाळावर नेला.
ऑस्ट्रियात हे आटे कोण पाडणार, म्हणाला,
मिलिमीटरवाली माणसं ती.
म्हणजे ऑस्ट्रेलिया.
पाहुण्याला आम्ही आट्यांवरून ओळखलं.

पुढे दोन महिने डिझेल, वायर ब्रश, आणि उज्ज्वलाची बोलणी.
कार्बोरेटरात कुंभारणीने मातीचं घर केलेलं,
ते हळूच काढलं.
रुळाचं डावं बेअरिंग उघडलं तर आत
बाभळीच्या लाकडाचं बुश,
तेल पिऊन काळं झालेलं, पटाशीने कोरलेलं.
मी गनमेटलचं नवं टर्न करून आणलं. खडखडलं.
पुन्हा बाभूळ बसवली.

झाकणाच्या आतून खिळ्याने ओरखडलेलं:
धार पोळा. धार होळी. धार पोळा.
सतरा ओळी.
अठरावीत नुसतं धार.
नाव कुठे नाही.
उजवी मूठ झिजून बारीक, डावी जवळपास कोरी.
झाकण बाहेरून रंगवलं, कैरीच्या सालीचा. आतून तसंच ठेवलं.

पेस्ट लावून फिरकी उलटी फिरवली, दोन संध्याकाळी.
तळपात्यावर पेपरची पट्टी धरली:
वधू पाहिजे, सरळ दोन तुकडे.

आता गवत.
नाशकात लॉन्स मागाल तितकी,
गंगापूर रोडला दोन पाहिली, नांदूर नाक्याला एक.
मॅनेजरने अभिमानाने दाखवला तो गालिचा,
प्लास्टिकचा, अक्षता अडकलेला.
धुता येतो, म्हणाला.

शेवटी उज्ज्वलाच म्हणाली, मागे हरळी आहे की.
टाकीच्या गळतीवर वाढलेली,
दूर्वांसाठी राखलेली, पोरांनाही पाय ठेवू न दिलेली.
निगळचा भाचा पर्थला असतो,
त्याने फोनमधून पाहिली आणि हसला,
इथे घरोघर हीच, मामा. फक्त नाव दुसरं.
एक पट्टा, उज्ज्वला म्हणाली. कुंडीकडचं सोडून.

तिसऱ्या दोरीला इंजिन खोकलं, पाचव्याला लागलं.
पात्याने पातं धरलं,
न्हाव्याची कात्री कानामागे येते तेव्हा होतो
तेवढाच आवाज.
हातभर रुंद, अकरा पावलं लांब.
रुळाखालून निघालेली हरळी एका अंगाला कललेली, उजळ.

उज्ज्वलाने डबा उपडा केला, चिवडला.
शेंडा एकाला नाही, म्हणाली,
ह्यातून एक जुडी व्हायची नाही.
मग चपला काढल्या
आणि त्या पट्ट्यावरून टाकीपर्यंत जाऊन आली.

निगळ खिळा घेऊन झाकणापाशी बसला होता.
पोळा तर गेला, म्हणाला, होळी लांब आहे.
काय घालू?
मंगळवार, मी म्हटलं.
मंगळवार घाल.